रविवारचा खेळतास: नाशिकच्या वस्तीत मुलांसाठी खेळ सुरू करताना

आठवड्यातून एकदा दीड तास मुलांना खेळवायचं, एवढंच ठरवलेल्या चार-सहा जणांसाठी हा लेख आहे. वस्ती सातपूर-अंबडकडची कामगारांची असो, फुलेनगरची असो किंवा पाथर्डी फाट्याकडे चाललेल्या एखाद्या बांधकामावरची असो, पद्धत थोड्याफार फरकाने तीच राहते. पैसा फार लागत नाही. नेम लागतो, आणि एका गोष्टीवर बारीक लक्ष लागतं: प्रत्येक मूल प्रत्यक्ष किती मिनिटं खेळलं?

चाळीस मुलं, एक बॅट, एक बॉल आणि दीड तास असा हिशोब मांडून बघा. एकेकाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटांची बॅटिंग येते, आणि तीही दांडगी चार पोरंच लाटतात. बाकीची उन्हात उभी राहतात, कंटाळतात, मग मारामाऱ्या करतात. तीच मुलं चार गटांत लंगडी किंवा साखळी खेळली तर दहाव्या मिनिटाला सगळ्यांना धाप लागलेली असते आणि सगळे ओरडत असतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. दोन खोल्यांच्या घरात आणि गाड्यांनी भरलेल्या गल्लीत ती होत नाही. मुलाचा आनंद त्याच्यावर डाव येण्यात असतो. त्यामुळे पुढचं सगळं नियोजन डाव वाढवण्यासाठी आणि ताटकळणं कमी करण्यासाठी आहे.

आधी वस्तीत चक्कर

शिट्टी विकत घेण्याआधी वस्तीत दोनदा जा. एकदा संध्याकाळी, एकदा रविवारी सकाळी. मुलं आत्ता कुठे खेळतात ते बघा. तुमची जागा तीच किंवा तिथून पाच मिनिटांच्या चालीवर हवी. त्याहून लांब गेलात की सहा-सात वर्षांची मुलं आणि भावंडं सांभाळणाऱ्या मुली लगेच गळतात. मधे वाहता रस्ता ओलांडावा लागत असेल तर ती जागा कितीही चांगली असली तरी सोडून द्या.

दुसरी चौकशी पाण्याची. नळाला पाणी सात ते साडेआठ येत असेल आणि तुम्ही साडेसातला सुरुवात केलीत, तर मुलगे येतील आणि मुली हंडे भरत राहतील. मग कोणीतरी म्हणतं, "इथल्या मुलींना खेळायची आवडच नाही." वेळ तासभर पुढे ढकला, मुली येतात. ही माहिती अंगणवाडीच्या ताईंना आणि आशाताईंना तोंडपाठ असते. पहिली ओळख त्यांच्याशी करून घ्या; त्यांनी आयांना सांगितलं की तुमच्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

महापालिकेच्या शाळेचं पटांगण हवं असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे किंवा शिक्षण विभागाकडे जाऊ शकतो, म्हणून हातात महिनाभर तरी ठेवा. उद्यानातल्या मोकळ्या जागेसाठी उद्यान विभाग. अर्ज एका पानात बसवा: वार, वेळ, मुलांचा अंदाजे आकडा, दोन जबाबदार माणसांची नावं आणि फोन. शेवटी दोन वाक्यं जरूर लिहा, "स्पीकर, मंडप, फलक लावणार नाही" आणि "जागा झाडून परत करू." परवानगी अडते ती बहुधा याच दोन शंकांवर. खेळणं हा मुलांचा हक्क आहे, हेही लिहायला हरकत नाही; संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या ३१व्या कलमात तो आहे आणि भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला. अर्जाची पोहोच घ्या आणि फाईलला लावा. बांधकामाच्या जागी ठेकेदाराची परवानगी लागतेच, पण खेळ मात्र पत्र्याच्या कुंपणाबाहेर. परांचीखाली, खडीच्या ढिगाजवळ किंवा पाण्याच्या उघड्या हौदाशेजारी एक मिनिटही नको.

मैदान पायांनी तपासायचं

लंगडी, खो-खो, लगोरी एका वेळी चालवायला साधारण ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद जागा पुरते. दर रविवारी मुलं यायच्या पंधरा मिनिटं आधी सगळ्यांनी हातभर अंतरावर एका रेषेत उभं राहून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. काचा, खिळे, तारेचे तुकडे, गोखरूचे काटे, उघडं झाकण, कुत्र्याची घाण, सगळं पिशवीत. एकट्याने नजर फिरवली की हमखास काहीतरी राहतं. ओळीने चाललं की राहत नाही.

मातीचा स्वभाव ओळखा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाऊल अडकून घोटा मुरगळतो. अशा पट्ट्यात पळापळीचा खेळ ठेवू नका. पावसात तीच माती पायाला चिकटते आणि मुलं घसरतात. मुरमाड जमीन कोरडी राहते पण गुडघे सोलवटते. फरशी किंवा काँक्रीट असेल तर लंगडी दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, टाच आणि गुडघा दुखतो.

जानेवारीत आणखी एक गोष्ट बघायची: मांजा. संक्रांतीनंतर निदान महिनाभर तो कुंपणाला, झाडांना, खांबांमधे अडकलेला असतो आणि उन्हात दिसतही नाही. मुलाच्या गळ्याच्या उंचीवर हात फिरवत कडेने एक चक्कर मारा. नायलॉनचा मांजा उघड्या हाताने ओढू नका, कात्रीने कापा.

माणसं आणि सामान

आठ ते दहा मुलांमागे एक स्वयंसेवक. तीस मुलांसाठी किमान चार, त्यात किमान एक बाई हवीच. दोनच जण आले असतील तर वीसपेक्षा जास्त मुलं घेऊ नका, आणि एकटेच असाल तर खेळतास रद्द. निवृत्त क्रीडाशिक्षक शोधा. जवळपास प्रत्येक नगरात एखादे असतात आणि खो-खोतल्या बारीकसारीक गोष्टी त्यांच्याइतक्या कोणाला येत नाहीत.

तीस-चाळीस मुलांना पुरणारं सामान असं: २४ प्लास्टिकचे कोन, ६ टेनिस बॉल, ४ स्पंजचे मऊ चेंडू, ४ नंबरचे २ फुटबॉल, हवेचा पंप आणि दोन सुया (एक हरवतेच), अडीच मीटरच्या ८ उड्या मारायच्या दोऱ्या, ६ मीटरची एक लांब दोरी, लगोरीचे दोन संच, ४ रबरी रिंगा, २ शिट्ट्या, ३० मीटरची टेप. दोन संघ ओळखू यावेत म्हणून जुन्या साडीच्या दोन रंगांच्या पंधरा-पंधरा पट्ट्या फाडा. पट्टी खांद्यावरून तिरपी बांधायची, गळ्यात नाही.

रेषा फक्कीने किंवा रांगोळीने मारा. घराला लावायचा चुना वापरू नका. पळताना उडून डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. रस्सीखेचेचा दोर सुती किंवा काथ्याचा, जाड आणि १२ ते १५ मीटर लांब हवा. नायलॉनचा दोर तळहात कापतो. रस्सीखेच खेळवलीच तर एक नियम अजिबात सोडायचा नाही: दोर हाताला, मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. झटका बसला की बोटं तुटू शकतात.

पाण्यासाठी नळ असलेला वीस लिटरचा जार आणि मुलांनी घरून आणलेल्या बाटल्या किंवा पेले.

दीड तास कसा वाटायचा

पहिली दहा मिनिटं हजेरीची. वहीत नाव, वय, पालकाचा फोन, घराची खूण, आणि दमा, फिट येणं किंवा हृदयाचा त्रास आहे का ते लिहा. पहिल्या दिवशी पालकांची सही किंवा अंगठा घ्या. हजेरी चालू असताना बाकीची मुलं उभी ठेवायची नाहीत. एकाने वही धरावी आणि दुसऱ्याने शेजारी लगेच तळ्यात-मळ्यात सुरू करावं. उड्या मारता मारता अंगही गरम होतं.

पुढची दहा मिनिटं साखळी. एकावर राज्य, तो ज्याला पकडेल त्याने हात धरायचा आणि साखळी वाढत जायची. चार जणांची झाली की दोन-दोनात तोडा, नाहीतर टोकाचं मूल फरफटत जातं आणि पडतं. या खेळात कोणी बाहेर बसत नाही, नवं मूल नियम न समजावता शिरू शकतं, म्हणून सुरुवातीला हाच.

मग पंचवीस मिनिटं वयाप्रमाणे तीन गट: ५ ते ७, ८ ते ११, १२ ते १५. तिन्ही गट एका वेळी, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एकत्र खेळवले तर मोठ्यांच्या धक्क्याने लहान पडतात, आणि लहानांना जपताना मोठ्यांचा रंग जातो. त्यानंतर दहा मिनिटं पाणी आणि सावली, पुन्हा पंचवीस मिनिटं संघाचा खेळ, आणि शेवटची दहा मिनिटं गोल करून बसायचं. "मामाचं पत्र हरवलं" सारखा शांत खेळ, आज काय आवडलं ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं, सामान मोजून गोणीत. सामान मुलांनाच मोजू द्या, चेंडू हरवायचे थांबतात.

वेळेवर संपवा. मजा चालली आहे म्हणून वीस मिनिटं वाढवली की घरी मुलीला बोलणी बसतात आणि पुढच्या रविवारी ती येत नाही.

लंगडी, खो-खो, लगोरी: कुठे बिघडतं

*लंगडी.* आठ-दहा मुलांसाठी ६ मीटरचा चौकोन पुरतो. त्याहून मोठा केला तर लंगडी घालणारा कोणाला पकडूच शकत नाही आणि रडकुंडीला येतो. एकावर जास्तीत जास्त ३० सेकंद राज्य, मग दुसरा. बाद झालेल्याने बाहेर बसायचं, ही नेहमीची रीत इथे मोडायची: जो बाद होईल त्याने पुढची लंगडी घालायची. लहान गटात पाय बदलायला मोकळीक द्या. स्लिपर घालून लंगडी नको, पट्टा निघतो आणि मूल तोंडावर आपटतं. एका चौकोनात सगळे अनवाणी किंवा सगळे बूटवाले असावेत. मिसळ झाली की बुटाखाली अनवाणी पाय चेचला जातो.

*खो-खो.* पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटरचं, संघात नऊ खेळाडू, आठ बसलेले आणि एक पळणारा. नवशिक्यांसाठी एवढं नको. १५ बाय ८ मीटर आखा, दीड-दोन मीटर अंतराने पाच जणांना एकाआड एक विरुद्ध तोंडं करून बसवा, आणि पळायला एका वेळी तीन जण सोडा. लाकडी खांब रोवू नका, दोन्ही टोकांना कोन ठेवा.

सगळे नियम एकदम सांगितले की मुलं पळायचं विसरतात. पहिल्या रविवारी फक्त "खो" द्यायचा आणि उठून पळायचं. दुसऱ्या रविवारी बसलेल्यांच्या मधून आरपार जायचं नाही, हा नियम. तिसऱ्या रविवारी एकदा घेतलेली दिशा मागे वळून बदलायची नाही. चौथ्या रविवारपर्यंत मुलंच एकमेकांच्या चुका काढायला लागतात, तेव्हा समजा की खेळ बसला.

सर्वांत जास्त दुखापती खो देताना होतात. घाईत पाठीत धक्का बसतो, बसलेलं मूल पुढे फेकलं जातं आणि मनगटावर पडतं. म्हणून पळायच्या आधी जोड्या लावून पाच मिनिटं फक्त खो देण्याचा सराव: मागून यायचं, तळहात दोन खांद्यांच्या मधे टेकवायचा, त्याच क्षणी मोठ्याने "खो" म्हणायचं आणि त्याच जागी बसायचं. ढकललं तर खो धरायचा नाही. बसणाऱ्यानेही पार बूड टेकवून न बसता उकिडवं राहायचं, एक पाय किंचित पुढे, बोटं जमिनीला लागलेली, म्हणजे उठताना तोल जात नाही. तीन मिनिटांनी बाजू बदला, नाहीतर उकिडवं बसून पाय भरून येतात. आणि काही मुलांना डाव संपेपर्यंत एकदाही खो मिळत नाही. ती डोळ्यांनी शोधा आणि "आता सगळ्यांना एकेकदा खो" असा एक डाव मुद्दाम ठेवा.

२०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताने पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही जिंकले. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. हे सांगितलं की बाराव्या-तेराव्या वर्षीच्या मुली जरा वेगळ्याच नजरेने मैदानाकडे बघतात.

*लगोरी.* सात चपट्या ठिकऱ्या, खालची सर्वांत मोठी. फेकायची रेषा लहानांना ३ मीटरवर, मोठ्यांना ५. फरशीचे तुकडे धारदार असतात, सुताराकडून लाकडी चकत्या कापून घ्या. चेंडू स्पंजचा, आणि मार कमरेखालीच. रचणाऱ्याचं लक्ष ठिकऱ्यांवर असतं, त्याच वेळी जवळून चेंडू तोंडावर बसतो. म्हणून ठिकऱ्यांभोवती दोन मीटरचा गोल आखा आणि त्या गोलाच्या आतून मारायला बंदी करा.

संघ पाडताना आणि कोणी सुटत असेल तेव्हा

दोन कर्णधारांनी एकेक नाव घेऊन संघ निवडायचा, ही रीत पार टाकून द्या. शेवटी उरणारं मूल दर रविवारी तेच असतं. आपली जुनी रीत चांगली आहे: साधारण सारख्या उंचीच्या, सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडी करायची, बाजूला जाऊन गुपचूप नावं ठरवायची आणि गळ्यात हात टाकून यायचं. "आंबा पाहिजे की चिंच?" कर्णधाराने मागायचं. संघ आपोआप समतोल होतात, कोणी शेवटी उरत नाही, आणि नावं ठरवतानाच निम्मी मुलं हसून लोळतात. एक जोडी "मिसळ की पाव" घेऊन येणार, हे नाशिकमध्ये धरूनच चाला.

पाच वर्षांखालचं भावंड सोबत आलं तर ते लिंबूटिंबू. त्याला पळू द्यायचं, बाद धरायचं नाही. पण कडेवरचं मूल असेल तर ताईला खेळता येत नाही, आणि अशा मुली अकरा-बारा वर्षांनंतर खेळातून कायमच्या जातात. सावलीत एक चटई टाका, तिथे एक स्वयंसेवक, चार-सहा रंगीत डबे आणि एक मऊ चेंडू. बाळ तिथे. गिळता येतील असे मणी, गोट्या, सागरगोटे चटईवर नकोत. या एका चटईने मुलींची हजेरी जेवढी वाढते तेवढी दुसऱ्या कशानेही वाढत नाही. सोबत दोन गोष्टी बघा: जवळचं स्वच्छतागृह उघडं आहे का, आणि मोठ्या मुलांनी फुटबॉल घेऊन सगळं मैदान व्यापलं नाही ना. मुलींच्या गटासाठी अर्धं मैदान फक्कीने आखून द्या. तोंडी वाटणी पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही.

कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, घरंगळताना त्याचा आवाज येतो. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीबरोबर रंगीत फडकं उंच धरा. ज्याला पळता येत नाही त्याला कायम गुण मोजायला बसवू नका. बसून रिंग फेकायचा खेळ ठेवा आणि तो सगळ्यांनी बसूनच खेळायचा.

भांडणं

"औट होता", "नव्हता" यावर न्यायाधीश बनू नका. दोन वाक्यांत मिटलं नाही तर डाव पुन्हा. कोणी रडीचा डाव खेळतोय असं वाटलं तरी पहिल्या महिन्यात सोडून द्या. सगळ्यांना पुरेसे डाव मिळायला लागले की चिडीचं खेळणं खूप कमी होतं. मारलं तर मात्र पाच मिनिटं तुमच्या शेजारी उभं राहायचं, शिक्षा म्हणून उठाबशा किंवा मैदानाच्या फेऱ्या नकोत. पळणं ही शिक्षा करून ठेवली तर मूल पुढे आवडीने पळणार नाही.

"टाइम प्लीज" म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, तुम्हीसुद्धा. बुजरं मूल दमल्याचं सांगत नाही, पण टाइम प्लीज म्हणतं.

बक्षीस म्हणून चॉकलेट नेऊ नका. दोन रविवारांत मुलं चॉकलेटसाठी यायला लागतात आणि खेळाच्या जागी रांग लागते. खाऊ द्यायचाच तर सगळ्यांना सारखा, शेवटी: केळं किंवा चणे-गूळ. द्राक्षांच्या हंगामात कोणीतरी पेटी पाठवतंच. द्राक्षं दोन-तीन पाण्यांनी धुवा, आणि लहानग्यांना अख्खं द्राक्ष कधीच देऊ नका, उभं चिरून द्या. गोल द्राक्ष घशात अडकतं. पाच वर्षांखाली चणे-शेंगदाणेही नकोत.

लागलं, पडलं

पेटीत कापूस, गॉज, चिकटपट्टी, दोन क्रेप बँडेज, जंतुनाशक, कात्री, हातमोजे, ओआरएसची पाच पाकिटं आणि टॉर्च. खरचटलं तर आधी स्वच्छ पाण्याने धुवा, माती राहिली तर जखम चिघळते. हळद, चुना, टूथपेस्ट काही लावायचं नाही. मुरगळलं तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, आणि चोळायचं नाही. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही; पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सलग दाबून धरा. पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता उचला, दुधात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. दात पुन्हा बसू शकतो. कुत्रं चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस.

डोकं आपटल्यावर उलटी, गुंगी, बरळणं किंवा न थांबणारी डोकेदुखी असेल तर खेळ तिथेच थांबवा आणि १०८ला फोन करा. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत तुमच्या मैदानावरून किती वेळ लागतो, हे एकदा आधीच जाऊन पाहून ठेवा. पालकांना फोन तुम्ही स्वतः करा, शेजारच्या पोराला निरोप घेऊन पाठवू नका.

विश्वास सांभाळण्याचे नियम

नव्या स्वयंसेवकाचं ओळखपत्र पाहा आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांशी बोला, तो मित्राचा मित्र असला तरी. कोणीही मोठं माणूस कोणत्याही मुलाबरोबर एकांतात नको. घरी सोडायला गाडीवर बसवणं नको. एकट्या मुलाला भेटवस्तू, वैयक्तिक मेसेज नकोत. पालकांनी लेखी हो म्हटल्याशिवाय मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो कुठेही टाकू नका. मुलाने काही वाईट घडल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकाला बंधनकारक आहे. मुलांची हेल्पलाइन १०९८, तातडीची मदत ११२.

नाशिकच्या ऋतूंप्रमाणे

मार्च मध्यापासून जून सुरू होईपर्यंत साडेसहाला सुरुवात, आठला बंद. दर वीस मिनिटांनी पाणी, तहान लागली नसली तरी. घाम येऊनही अंग गार, चक्कर, मळमळ असेल तर सावलीत झोपवा, पाय उंच, एक पाकीट ओआरएस एक लिटर पाण्यात घालून घोटघोट. अंग तापलं आहे आणि मूल बरळतंय तर ओल्या फडक्याने अंग गार करत तडक दवाखाना. डिसेंबर-जानेवारीत सकाळची थंडी कडक असते, साडेआठला सुरू करा आणि अंग गरम करायला पंधरा मिनिटं द्या. संध्याकाळी खेळवत असाल तर डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधार पडायला लागतो, पावणेसहाला आवरा.

गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं, झाडाखालीही नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत नाही. पावसाळ्यासाठी समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा आधीच मागून ठेवा. सागरगोटे, दोरीच्या उड्या, चमचा-लिंबू, बुद्धिबळ तिथे चालतं. मैदान गोदाकाठी असेल तर गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की त्या आठवड्यात नदीकडे फिरकायचं नाही. दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागलं ते बघायला मुलं धावतात, त्यांना आधीच बजावून ठेवा.

द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांची मुलं दिंडोरी-निफाडच्या बागांवर जातात, होळीला घरी जातात. हजेरी घटली म्हणून खेळतास बंद करू नका. सात मुलं आली तरी वेळेवर शिट्टी वाजली पाहिजे. परत आल्यावर मुलं आधी हेच बघतात.

स्वयंसेवक टिकतात कशाने

चार रविवार हौसेने येऊन पाचव्याला गायब होणारे बहुतेकजण काठावर उभे राहिलेले असतात. हातात मोबाइल, तोंडाने "अरे, नीट खेळा." त्यांना मजा येत नाही आणि येणारही नाही. स्वयंसेवकाने डावात उतरायचं. पन्नाशीतले एखादे काका एका पायावर, धोतराचा नाहीतर पँटचा घोळ सावरत तीन पोरांच्या मागे लागतात, पोरं चौकोनाच्या कोपऱ्यात दाटीवाटीने किंचाळतात, आणि काकांच्या हाताला शेवटी कोणीतरी लागतं. त्यानंतर त्या काकांना रविवारची आठवण करून द्यावी लागत नाही. फक्त एक पथ्य: मोठ्यांनी जिंकायला खेळायचं नाही आणि ताकदीने फेकायचं नाही.

प्रत्येकाला एकच काम नेमून द्या. एकाकडे वही, एकाकडे पाणी आणि पेटी, बाकीच्यांकडे एकेक गट, आणि तोच गट निदान तीन महिने. मुलांची नावं पाठ होतात, मुलंही हाक मारायला लागतात. महिन्यातून दोन रविवार मागा, चारही मागू नका. येता येत नसेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर सांगायचं आणि बदली माणूस स्वतः शोधायचा.

खेळ संपल्यावर मिसळ खायला पळण्याआधी पंधरा मिनिटं तिथेच गोल करून बसा. तीन प्रश्न: आज कोण आलं नाही, कोण कडेला राहिलं, पुढच्या वेळी काय बदलायचं? गैरहजर मुलाच्या घरावरून जाताना एक हाक मारून यायचं, हे कोणीतरी तिथेच स्वतःवर घ्यायचं. महिन्यातून एकदा घड्याळ लावून बघा: प्रत्येक स्वयंसेवकाने एक मूल निवडायचं आणि वीस मिनिटांत ते प्रत्यक्ष किती मिनिटं हललं, पळलं, फेकलं ते मोजायचं. बारापेक्षा कमी आलं तर गट मोठा आहे, चेंडू कमी आहेत किंवा तुमचं बोलणं जास्त आहे. बहुतेक वेळा तिसरं.

एखादं मूल वेगळंच पळताना दिसलं तर

असं मूल दिसतंच. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य जिंकली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ रोइंगमध्ये २०१६च्या रिओ ऑलिंपिकला गेला. त्यामुळे आपल्याकडे एखादं चपळ मूल सापडलं की मोठी माणसं लगेच पदकाची भाषा करतात. ती मुलासमोर करू नका. आधी महिनाभर त्याला खेळू द्या, मग त्याला स्वतःला विचारा, मग आई-वडिलांशी बोला. दोघांचं हो असेल तर शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात आणि नोंदणी शाळेमार्फतच जाते. प्रशिक्षकांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. सरावाच्या जागेपर्यंतचं रोजचं बसभाडं, बूट आणि दूध-अंडी यांचा खर्च कोण आणि किती महिने करणार, हे कागदावर लिहून झाल्यावरच पाठवा. मधेच पैसे संपले म्हणून सराव सुटला, तर ते मूल बहुधा रविवारी खेळायला यायचंही बंद होतं. आणि सराव सुरू झाला तरी रविवारच्या हजेरीच्या वहीत त्याचं नाव तसंच राहू द्या.